पुलापलीकडचा कायदा

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन अमेरिकन राज्यांच्या मधून डेलावेअर नदी वाहते. तिच्यावर लहानमोठे अनेक पूल असून, सकाळी एका काठावरच्या घरातून निघून दुसऱ्या काठावरच्या कचेरीत जाणारी आणि दिवेलागणीला परत फिरणारी असंख्य माणसे त्या पुलांवरून नित्य मोटारी हाकीत असतात. पुलाच्या दोन्ही टोकांस रस्ता एकच, नाणे एकच, भाषा एकच, कडेच्या पाट्यांचा आकार आणि रंगदेखील एकच. परंतु अपघातात ज्याचे हाड मोडले त्याला भरपाई कोणी द्यावयाची, किती द्यावयाची आणि कोणत्या अटींवर द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर मात्र नदीच्या मध्यावर बदलते. ऐकणाऱ्यास ही बाब किरकोळ वाटेल. पण जिच्यापायी एका कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक रुग्णालयाच्या बिलांत निघून जाते आणि समोरच्याच काठावर तशाच अपघातात सापडलेले दुसरे कुटुंब सावरते, ती बाब किरकोळ मानावयास माझे मन तयार होत नाही.

पेनसिल्व्हेनियातील एखाद्या मोटारमालकाच्या विमापत्राचे पहिले पान, ज्याला तिकडे डिक्लेरेशन पेज म्हणतात, ते समोर घेऊन पाहावे. मालकाने कायद्यापुरता किमान विमा घेतला असेल तर त्या पानावर 15/30/5 असे तीन आकडे आढळतात. त्यांचा अर्थ असा की, या मोटारीच्या चुकीने दुसऱ्या कोणास इजा झाली तर विमा कंपनी एका माणसामागे 15 हजार डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींना मिळून 30 हजार डॉलर आणि मालमत्तेच्या नुकसानीपोटी 5 हजार डॉलर, यापलीकडे काही देणे लागत नाही. अमेरिकेतील वैद्यकीय खर्चाचा ज्याला थोडाबहुत अनुभव आहे त्याला, एखादी मोठी शस्त्रक्रिया करावी लागली तर 15 हजार डॉलरची काय वासलात लागते, हे सांगावयास नको. त्याच पानावर आणखी एक ओळ असते, आणि ती वाचल्यावाचून पुष्कळ जण सही करून मोकळे होतात. त्या ओळीत ‘लिमिटेड टॉर्ट’ किंवा ‘फुल टॉर्ट’ यांपैकी एक पर्याय नोंदलेला असतो. पहिला पर्याय पत्करणाऱ्याचा हप्ता कमी होतो. पण त्या बदल्यात, इजा गंभीर ठरल्याखेरीज, सोसलेल्या वेदनांबद्दल आणि हिरावल्या गेलेल्या जीवनसुखाबद्दल भरपाई मागण्याचा हक्क तो सोडून देतो. दुसरा पर्याय घेणारा अधिक हप्ता भरून तो हक्क शाबूत राखतो. 1990 पासून त्या राज्यात ही निवड प्रत्येक मोटारमालकापुढे ठेवली जाते.

आता असे समजा की, वर्षानुवर्षे अधिक हप्ता भरून ज्याने हा हक्क राखला, तो गृहस्थ पूल ओलांडून न्यू जर्सीत आला आणि तेथे मागून येणाऱ्या मोटारीने त्याला ठोकरले. न्यू जर्सीच्या कायद्यात एक कलम आहे, ज्याला वकील मंडळी ‘डीमर’ कायदा म्हणून ओळखतात. त्या राज्यात धंदा करण्याचा परवाना असलेल्या कंपनीचा विमा ज्याच्यापाशी आहे, असा परराज्यातील वाहनचालक न्यू जर्सीच्या हद्दीत जखमी झाला, तर त्याच्या विमापत्रात न्यू जर्सीचीच कलमे आहेत असे ते कलम धरून चालते, आणि मोठ्या कंपन्यांना दोन्ही राज्यांत परवाने असल्यामुळे बहुतेक सर्वांनाच ते लागू पडते. त्यामुळे त्या गृहस्थाला न्यू जर्सीची वैद्यकीय खर्चाची तरतूद, अडीच लाख डॉलरपर्यंतची, मिळते. पेनसिल्व्हेनियातील किमान वैद्यकीय तरतूद केवळ 5 हजार डॉलरची आहे, हे लक्षात घेता तो लाभ मोठाच आहे, आणि तो नाकारण्याचे काही कारण नाही. परंतु त्याबरोबरच न्यू जर्सीची दावाबंदीही त्याच्या गळ्यात येते. मृत्यू, अवयवाचा नाश, लक्षणीय विद्रूपता, जागचे सरकलेले अस्थिभंग, गर्भाची हानी आणि वैद्यकदृष्ट्या कायमची ठरणारी इजा, या सहा प्रकारांपैकी एखाद्यात आपली दुखापत बसते असे तो दाखवू शकला नाही, तर वेदनांबद्दल एक छदामही मागण्याची त्याला मुभा नाही. ज्या हक्काचे मोल त्याने आपल्या राज्यात हप्त्याहप्त्याने चुकते केले, तो हक्क पुलापलीकडे त्याच्याजवळ उरत नाही, आणि हे त्याला आधी कोणी सांगितलेले असेल असा भरवसाही नाही.

हे सर्व महाराष्ट्रातील वाचकाने कशासाठी वाचावे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर एडिसनमध्ये आहे, जर्सी सिटीत आहे, डेट्रॉइटच्या उपनगरांत आहे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या पेठेतील ज्या घरातून मुलगा अथवा मुलगी अमेरिकेस गेली नाही, असे सुशिक्षित घर आता विरळा. आणि नातवंडांच्या ओढीने सहा महिने तिकडे राहावयास जाणारे आईवडील तर प्रत्येक गल्लीत भेटतात. ही माणसे शनिवार-रविवारी मुलाच्या मोटारीत मागल्या बाकावर बसून नायगारा पाहावयास, वॉशिंग्टनला, दूरच्या राज्यातील भाच्याकडे अथवा मराठी मंडळांच्या अधिवेशनाला जातात. एका प्रवासात तीनचार राज्ये ओलांडली जातात आणि प्रत्येक राज्याच्या हद्दीवर त्यांचे कायदेशीर संरक्षण बदलत जाते. आईवडिलांचा प्रवासी विमा काढताना ज्या काळजीने मुलगा त्यांच्या मधुमेहाची आणि रक्तदाबाची चौकशी करतो, त्या काळजीने आपल्या मोटारीच्या विमापत्राची दुसरी-तिसरी ओळ तो क्वचितच वाचतो.

मिशिगनचेच उदाहरण घ्यावे. 1973 पासून त्या राज्यात अशी व्यवस्था होती की, चूक कोणाचीही असो, अपघातात जखमी झालेल्याचा वैद्यकीय खर्च मोटारीच्या विम्यातून, रकमेच्या मर्यादेवाचून आणि आवश्यक तर जन्मभर, भागविला जावा. अखेरीस अमेरिकेतील इतर कोणत्याही राज्यात इतकी उदार तरतूद उरलेली नव्हती. तिच्यामुळे हप्ते फार चढले, ही तक्रार खरी होती, आणि 2019 साली विधिमंडळाने कायदा सुधारून मर्यादा निवडण्याची मुभा दिली. परंतु त्याच सुधारणेत आणखी एक गोष्ट केली गेली: जो मिशिगनचा रहिवासी नाही आणि ज्याच्या मालकीची, मिशिगनमध्ये नोंदलेली आणि विमा उतरविलेली मोटार नाही, त्याला या वैद्यकीय लाभातून वगळण्यात आले. म्हणजे मुलाने सर्वांत महागडा विमा घेतला असला, आणि आई त्याच मोटारीत त्याच्या शेजारी बसली असली, तरी पाहुणी म्हणून आलेल्या त्या आईला त्या विम्यातील वैद्यकीय लाभ नाही. तिला चूक करणाऱ्यावर दावा लावण्याचा मार्ग खुला ठेवला आहे. आणि चूक मुलाचीच असेल तर मुलावर! पोटच्या मुलाने हयगय केली, असे आईने न्यायदरबारी लिहून दिल्याखेरीज मुलानेच हप्ते भरलेल्या विम्यातून तिच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च निघू नये, या व्यवस्थेचे समर्थन मला करता येत नाही.

ही स्थिती आली कशी, याला इतिहास आहे. 1869 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विमा हा आंतरराज्य व्यापार नव्हे असा निर्णय दिला, तेव्हापासून विम्याचा कारभार राज्यांच्या हाती राहिला. 1944 साली न्यायालयाने तो निर्णय फिरविला. पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने मॅकारन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचे नियमन पुन्हा राज्यांकडे सोपविले. दरम्यान मॅसॅच्युसेट्सने 1927 पासून मोटारीचा विमा सक्तीचा केला होता. 1965 साली कीटन आणि ओकॉनेल या दोन विधिपंडितांनी एक योजना मांडली: अपघातानंतर चूक कोणाची याचा कीस काढीत वर्षे घालविण्यापेक्षा प्रत्येकाच्या विमा कंपनीने आपापल्या जखमींचा खर्च ताबडतोब द्यावा आणि लहानसहान दावे बंद करावेत. 1971 साली मॅसॅच्युसेट्सने ती प्रथम अंमलात आणली आणि पाठोपाठ अनेक राज्यांनी आपापल्या परीने तिचा स्वीकार केला. ‘आपापल्या परीने’ या शब्दांतच पुढील सर्व अनर्थ साठलेला आहे. न्यूयॉर्कने 50 हजार डॉलरची तरतूद केली, फ्लॉरिडाने 10 हजारांची. कित्येक राज्ये जुन्या, चूक सिद्ध करण्याच्या पद्धतीवरच राहिली. आणि न्यू हॅम्पशायर तर आजही सर्वसाधारण मोटारमालकावर विम्याची सक्ती करीत नाही. संपूर्ण देशासाठी किमान प्रमाण ठरविणारे एक विधेयक 1974 साली सेनेटने संमत केले होते. पण ते कायद्याच्या रूपाने कधीच उतरले नाही.

जखमीचे स्वतःचेही थोडे चुकले असेल तर काय करावे, याविषयीदेखील राज्यांचे मत एक नाही. न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनातील रॅलेकडे जाणारा मराठी गृहस्थ पंचाण्णव क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेकडे निघाला आहे आणि त्याला एक लाख डॉलरची झळ लागणारा अपघात वाटेत झाला आहे, असे धरू. पंचांनी नव्वद टक्के दोष समोरच्याचा आणि दहा टक्के याचा ठरविला. अपघात न्यू जर्सीत अथवा डेलावेअरमध्ये झाला असेल तर त्याचे दहा हजार वजा होऊन नव्वद हजार मिळतील. तोच अपघात आणखी काही मैल पुढे, मेरीलँडच्या हद्दीत झाला, तर त्याला काहीच मिळणार नाही; कारण मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामा या राज्यांत, जखमीची हयगय अल्पांशानेही कारणीभूत ठरली तर त्याचा संपूर्ण दावा बुडतो, हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नियम अद्याप चालू आहे. 2013 साली मेरीलँडच्या सर्वांत वरच्या न्यायालयापुढे हा नियम मोडण्याची संधी आली होती. ते काम विधिमंडळाचे आहे असे म्हणून न्यायालयाने तो कायम ठेवला. आणि विधिमंडळ स्वस्थ आहे.

यावर कोणी म्हणेल की, मनुष्य ज्या भूमीवर पाऊल ठेवतो त्या भूमीचा कायदा त्याने पाळला पाहिजे, हे तर सनातन तत्त्व आहे. वाहन चालविण्याच्या शिस्तीपुरते ते अगदी खरे. वेग किती असावा, कोणत्या बाजूने जावे, तांबड्या दिव्यावर उजवीकडे वळता येते की नाही, हे त्या त्या जागेच्या कायद्यानेच ठरावे. परंतु जखमीला मिळणारी रक्कम ही रस्त्याची शिस्त नव्हे. ती दोन माणसांतील आणि त्यांच्या विमा कंपन्यांतील देण्याघेण्याची बाब आहे. हा भेद अमेरिकन न्यायालयांना उमगावयास फार काळ लागला. 1892 साली अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका रेल्वे कामगाराचा खटला आला. कामगार अलाबामाचा, कंपनी अलाबामाची, डब्यांची जोडकडी तपासण्यात हयगय झाली तीही अलाबामात. केवळ ती कडी तुटली तेव्हा गाडी मिसिसिपीच्या हद्दीत होती, आणि मिसिसिपीच्या कायद्यात अशा भरपाईची सोय नव्हती, म्हणून त्या माणसाला रिकाम्या हातांनी परतावे लागले.

या जडत्वाला पहिला मोठा धक्का बसला तो न्यूयॉर्कमध्ये. 1960 च्या सप्टेंबरात रोचेस्टर शहरातील जॅक्सन पतिपत्नी आपल्या मैत्रिणीला, कुमारी बॅबकॉक यांना, बरोबर घेऊन शनिवार-रविवारच्या सहलीसाठी मोटारीने कॅनडात गेली. ऑन्टॅरिओ प्रांतात जॅक्सन यांचा मोटारीवरचा ताबा सुटला, ती रस्त्याखाली उतरून दगडी भिंतीवर आदळली आणि बॅबकॉक यांना गंभीर इजा झाली. ऑन्टॅरिओत त्या वेळी असा कायदा होता की, फुकट बसवून नेलेल्या पाहुण्याला मोटार हाकणाऱ्यावर दावा लावता येऊ नये. पाहुणा आणि यजमान संगनमताने विमा कंपनीला फसवितील, ही त्यामागची भीती. खालच्या न्यायालयांनी जुन्या शिरस्त्याप्रमाणे दावा फेटाळला. पण 1963 साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने न्यायमूर्ती फुल्ड यांच्या लेखणीतून निराळा निर्णय दिला. माणसे न्यूयॉर्कची, मोटारीची नोंदणी आणि विमा न्यूयॉर्कचा, सहल तेथेच सुरू होऊन तेथेच संपावयाची. ऑन्टॅरिओशी संबंध एवढाच की भिंत त्या प्रांतात होती. तेव्हा ज्या राज्याचा या माणसांशी खरा संबंध आहे त्याचाच कायदा लागावा, असे न्यायालय म्हणाले. मला हा निर्णय या विषयातील सर्वांत माणुसकीचा निर्णय वाटतो. कारण त्याने नकाशावरची रेघ बाजूला सारून त्या मोटारीत बसलेल्या तिघांचा विचार केला. 1971 साली विधिज्ञांच्या मान्यवर संस्थेने तयार केलेल्या संहितेतही हे तत्त्व आले आणि पुष्कळ राज्यांनी ते उचलले. परंतु सर्वांनी नव्हे. मेरीलँड, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना अद्याप अपघातस्थळाचाच कायदा लावतात. म्हणजे जेथे मूळ नियम सर्वांत कठोर, तेथेच त्यातून सुटण्याची वाटही बंद. शिवाय जेथे नवे तत्त्व आले तेथे ‘खरा संबंध’ कोणाचा यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट चालतो आणि जखमी माणसाचे आयुष्य तारखांत जाते. न्यायालयांच्या सद्बुद्धीवर एवढे ओझे टाकणे, हे विधिमंडळांनी आपले कर्तव्य न केल्याचेच चिन्ह आहे.

आपल्याकडे पाहिले तर या एका बाबतीत आपली व्यवस्था अधिक शहाणपणाची आहे, असे मला निःशंकपणे म्हणावेसे वाटते. कोल्हापूरचे एखादे कुटुंब कागल ओलांडून कोगनोळीच्या नाक्यापुढे निपाणीकडे निघाले आणि तेथे ट्रकने त्यांना धडक दिली, तर अपघात कर्नाटकात झाला म्हणून त्यांचे हक्क तसूभरही कमी होत नाहीत. ज्या सीमेवरून दोन राज्ये इतकी दशके भांडत आली, त्या सीमेची मोटार वाहन कायद्याला जाणीवच नाही. 1988 च्या कायद्याचे 166 वे कलम जखमीला, अथवा मृताच्या वारसांना, आपण जेथे राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करण्याची मुभा देते. म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने कोल्हापुरातच दाद मागावी. मृत्यूच्या आणि इजेच्या बाबतीत विमा कंपनीने न्यायाधिकरण ठरवील तेवढी रक्कम द्यावयाची असते. 15 हजारांसारखी किमान मर्यादा सांगून तिला हात झटकता येत नाही. आणि 2022 पासून अंमलात आलेल्या 164 व्या कलमान्वये, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल 5 लाख आणि गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. आपली न्यायाधिकरणे संथ आहेत, विमा न उतरविलेली वाहने रस्तोरस्ती धावत आहेत, आणि अर्ज करण्यास 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांचीच मुदत ठेवली ही त्या कायद्यातील कठोर गोष्ट आहे. या उणिवा मी झाकू इच्छीत नाही. परंतु माणसाच्या जखमेचे मोल राज्यागणिक बदलू नये, हे मूळ सूत्र आपल्या कायद्याने धरून ठेवले आहे.

अमेरिका संघराज्य आहे, तिच्या राज्यांना स्वायत्तता प्रिय आहे, प्रत्येक राज्यातील रहदारी, मजुरी आणि वैद्यकीय खर्च निराळे, म्हणून हप्तेही निराळे असणार, हा युक्तिवाद मी हलका मानीत नाही. डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या राज्यातील शेतकऱ्यावर न्यूयॉर्कच्या गर्दीचा हप्ता लादणे अन्यायाचेच होईल. परंतु युरोपातील सार्वभौम राष्ट्रांनी, ज्यांच्यात परस्परांशी दोन महायुद्धे झाली, 1972 पासून टप्प्याटप्प्याने अशी सोय केली आहे की, एका देशात उतरविलेला मोटारीचा विमा एकाच हप्त्यात संघातील प्रत्येक देशात लागू पडतो. भेट दिलेल्या देशाचे संरक्षण आणि स्वदेशाचे संरक्षण यांत जे मोठे असेल ते मिळते. आणि परदेशात जखमी झालेल्याला त्या परक्या कंपनीच्या, आपल्याच देशात नेमलेल्या प्रतिनिधीकडे आपल्या भाषेत दावा मांडता येतो. स्वतंत्र राष्ट्रांना जे साधले ते एकाच राष्ट्राच्या राज्यांना अशक्य आहे, हे पटण्यासारखे नाही.

शिवाय काँग्रेसने या प्रांतात कधी पाऊल टाकलेच नाही, असेही नाही. आंतरराज्य मालवाहतूक करणाऱ्या भाडोत्री मोठ्या ट्रकांसाठी 1980 च्या कायद्याने संपूर्ण देशात किमान साडेसात लाख डॉलरचे दायित्व ठरविले. 2005 साली काँग्रेसने आणखी एक तरतूद केली: भाड्याने मोटार देणाऱ्या कंपनीची स्वतःची हयगय नसेल तर केवळ मालक म्हणून तिला कोणत्याही राज्याने जबाबदार धरू नये. ट्रकसाठी देशव्यापी किमान मर्यादा चालते, भाडोत्री मोटारींच्या धंद्यासाठी देशव्यापी संरक्षण चालते; मग मागल्या बाकावर बसलेल्या प्रवाशासाठी देशव्यापी किमान संरक्षण का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोठे आढळले नाही. राज्यांनी वाटेल तितके अधिक द्यावे. पण दायित्वाची एक किमान रक्कम, मोटारीतील प्रत्येकाला, तो रहिवासी असो वा पाहुणा, वैद्यकीय खर्चाची एक किमान तरतूद, आणि अल्पशा चुकीने संपूर्ण दावा बुडू नये असा एक नियम, एवढ्या गोष्टी सर्व राज्यांत समान असाव्यात. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. विम्याचा कारभार राज्यांकडे सोपविणाऱ्या 1945 च्या त्याच कायद्यात, काँग्रेसने विम्यासंबंधी स्पष्ट कायदा केला तर तो राज्यांच्या कायद्यांवर चालेल, अशी वाट मोकळी ठेवलेली आहे.

तो दिवस उगवेपर्यंत तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी डिक्लेरेशन पेज बाहेर काढून वाचावे. समोरच्याचा विमा नसेल किंवा तोकडा असेल त्या प्रसंगासाठी ‘अनइन्शुअर्ड’ आणि ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’ या नावांची जी तरतूद विकत मिळते, तिची रक्कम आपल्याला परवडेल तितकी वाढवून घ्यावी. कारण समोरची मोटार कोणत्या राज्याची असेल हे आपल्या हाती नसते, ही तरतूद मात्र असते. आईवडील येणार असतील तर त्यांच्या तिकिटांचे पैसे भरण्यापूर्वी, पाहुण्या प्रवाशाला आपल्या राज्यात काय मिळते, हे एजंटाकडून लेखी मागून घ्यावे. आणि ज्यांना तिकडे मताचा हक्क मिळाला आहे त्यांनी, अधिवेशनांतून संगीताच्या मैफलींबरोबर या विषयालाही एक तास द्यावा आणि आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला बोलावून विचारावे की, 1974 साली सेनेटने जे काम अर्ध्यावर आणून ठेवले ते पुढे नेण्याची त्यांची तयारी आहे की नाही.